दुपारी दीड ते संध्याकाळी साडेसहा

२०२४ च्या नोव्हेंबरात गोव्यात जो तो एकाच विषयावर बोलत होता. सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं एकामागून एक बाहेर येत होती. रोज नवी अटक, रोज नवा आकडा. त्यातल्याच एका बातमीखाली मी लिहिलं होतं, "शिकलेली माणसं अशी कशी फसतात? पैसे देताना अक्कल घरी ठेवून जातात का?" चाळीसेक लाइक आले. बरं वाटलं होतं.

दोन महिन्यांनी, १८ जानेवारी २०२५ च्या शनिवारी, माझ्या खात्यातून ४७,५०० रुपये गेले. त्यातले १८,२४० परत यायला जुलै उजाडला. मधल्या सहा महिन्यांत कुठे कुठे जावं लागलं, काय काय कागद लागले आणि कुठे मी स्वतःच घोळ घातला, ते इथे लिहून ठेवतेय. हे २०२५ सालचं आहे. नियम आणि पोर्टल बदलत असतात, त्यामुळे तुमच्यावर वेळ आली तर आधी विचारून घ्या.

मी उत्तर गोव्यातल्या साखळीची. २०२४ ला बी.कॉम. झाले. त्यानंतरचं वर्ष गोव्यातल्या कुठल्याही पदवीधराला वेगळं सांगायला नको. सरकारी जाहिरात आली की पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढा, रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड चालू आहे ना बघा, अर्ज भरा, परीक्षेची वाट बघा. खाजगीत कुंडईच्या एका कारखान्यात बारा हजारांवर बोलावलं होतं. बसभाडं आणि जेवण वजा करून उरतं काय, असा हिशेब मांडून मी नाही म्हटलं. घरी चार मुलांच्या शिकवण्या घेत होते. आणि बसमध्ये, देवळात, लग्नात भेटेल ती काकी विचारायची, "मगे, खंय कामाक लागलें?" आमच्याकडे घरात कोंकणी आणि लिहिणं-वाचणं मराठीत. पण हा प्रश्न कुठल्याही भाषेत तितकाच टोचतो.

मेसेज आला तो गुरुवार, १६ जानेवारीला. घरबसल्या काम, हॉटेलांना नकाशावर रेटिंग द्यायचं, एका रेटिंगचे पन्नास रुपये. पाठवलेल्या यादीत कळंगुट, बागा, कांदोळीची हॉटेलं होती. ज्यांच्या गेटातून मी जन्मात आत गेले नाही, त्यांना मी पाच-पाच तारे दिले आणि "रूम स्वच्छ, स्टाफ प्रेमळ" असं लिहून टाकलं. खोटं लिहून पैसे घेतोय हे मला तेव्हाच खटकलं होतं. तीन रेटिंगचे दीडशे रुपये खरोखरच खात्यात आले आणि मी मनाला गप्प केलं.

शुक्रवारी एका मेसेजिंग अ‍ॅपवरच्या ग्रुपात घेतलं. तिथे 'प्रीपेड टास्क': हजार रुपये भरा, तेराशे मिळवा. वीस मिनिटांत तेराशे आले. त्या रात्री मी मनातल्या मनात महिन्याचा हिशेब करत झोपले.

शनिवारी सकाळी १०:२० ला ३,००० भरले. आता म्हणे हा तीन टास्कचा संच आहे, मध्येच पैसे काढता येत नाहीत. ११:०५ ला ८,०००. १२:४० ला १५,०००. त्यांच्या वेबसाइटवर माझ्या नावापुढे वाढत जाणारी रक्कम दिसत होती. ती नुसती आकड्यांची चित्रं होती हे आज कळतं. मी थबकले की ग्रुपातलं कुणीतरी लिहायचं, "माझेही अडकले होते, भरले आणि लगेच आले," सोबत बँकेच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. ग्रुपात आम्ही सहाजण होतो. पोलीस नंतर म्हणाले, त्यातली गिऱ्हाईक बहुधा तू एकटीच.

१:१५ ला २१,५०० भरले. त्यातले बारा हजार माझे नव्हते. आई आमच्या वाड्यावरच्या स्वयंसाहाय्य गटाची खजिनदार आहे. बायका हप्ते यूपीआयने पाठवतात. आईचा फोन साधा, म्हणून ते माझ्या खात्यात येतात आणि महिन्यातल्या ठरलेल्या सोमवारी मी ते गटाच्या खात्यात भरते. सोमवारच्या आत परत येतीलच, असं मी धरून चालले.

दीड वाजता मेसेज आला: तुमचा 'क्रेडिट स्कोअर' घसरला, रक्कम सोडवायला ४२,००० भरा. पैसे नाहीत म्हटल्यावर सूर एकदम गोड झाला. हरकत नाही, दोन दिवस तुमचं बँक खातं आम्हाला वापरायला द्या, नेटबँकिंगचा पासवर्ड आणि सिमकार्ड कुरियरने पाठवा, त्यातूनच वळतं करू.

इथे माझी हुशारी काही नव्हती. माझं सिम दादाच्या नावावर आहे. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. सिम पाठवायचं तर त्याला काहीतरी सांगावं लागणार आणि तेच मला नको होतं. म्हणून मी नाही म्हटलं आणि रागाने ग्रुपातून बाहेर पडले. ही दुसरी चूक. बाहेर पडल्या पडल्या तिथला सगळा संवाद माझ्या फोनवरून गेला. हाती राहिले ते आदल्या दिवशी मैत्रिणीला फुशारकीने पाठवलेले चार स्क्रीनशॉट. तुमच्याबाबत असं काही झालं तर कितीही संताप आला तरी ग्रुप सोडू नका, काही पुसू नका. आधी एकेक पान टिपून ठेवा, नंबर आणि यूपीआय आयडी दिसतील असं.

त्यानंतरचे पाच तास मी काय केलं? काहीच नाही.

शनिवार, म्हणून घरात मासळी नव्हती. आईने मुगांची गाठी केली होती. मी ताट घेऊन बसले, भात कालवला आणि तसाच गायीला घातला. आई म्हणाली, "ऊन लागलं का?" मी हो म्हटलं. जानेवारीत! खोलीत जाऊन मी परत परत बँकेचं अ‍ॅप उघडत होते, जणू पुन्हा बघितल्याने शिल्लक वाढणार होती. शिल्लक ३१२ रुपये. मध्येच "टास्क फ्रॉड पैसे परत" असं शोधलं. "आम्ही पैसे परत मिळवून देतो, फी फक्त २,०००" म्हणणारे दोन नंबर सापडले. त्यातल्या एकाला फोन लावणारही होते, पण हातात दोन हजार उरले नव्हते. हे लोक फसलेल्यांनाच दुसऱ्यांदा फसवतात, हे मला पुढे पोलीस ठाण्यात कळलं. सायबर फसवणुकीची तक्रार करायचा सरकारी नंबर, १९३०, तोही त्याच पानावर होता. तो मला दिसला होता. फोन केला तर पोलीस घरी येतील, शेजारी बघतील, आईला गटासमोर मान खाली घालावी लागेल, अशी साखळीच्या साखळी डोक्यात फिरत राहिली.

सहाच्या सुमारास दादा कामावरून परत जाताना चहाला आला. माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "किदें जालें गो?" मी रडायलाच लागले. कसंबसं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडेल. तो एवढंच म्हणाला, "आतां रडूं नाका. पयलीं फोन हाड हांगा." म्हणजे आधी फोन इकडे आण. ६:२५ ला त्याने १९३० लावला. तिसऱ्या प्रयत्नात लागला.

पलीकडच्या बाई आमच्याशी कोंकणीतच बोलल्या. त्यांनी मला "का दिले" असं एकदाही विचारलं नाही. विचारलं ते असं: नाव, मोबाइल नंबर, कुठल्या बँकेचं खातं, प्रत्येक व्यवहाराची रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. हा क्रमांक यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या त्या पेमेंटवर टिचकी मारली की खाली दिसतो. माझी शोधाशोध चालली म्हणून दहा मिनिटं गेली. फोन लावायच्या आधी चारही नंबर कागदावर लिहून घेतले असते तर ती वाचली असती. दुसऱ्या कुणाचा फोन हाताशी असेल तर त्यावरून बोला, म्हणजे आपला फोन बघायला मोकळा राहतो.

यात नेमकं होतं काय, ते मला नंतर समजलं. १९३० वर नोंद झाली की ती माहिती थेट संबंधित बँकांकडे जाते. पैसा ज्या खात्यात गेला तिथे अजून असेल, तर ती बँक तेवढी रक्कम अडकवून ठेवते. पुढच्या खात्यात गेला असेल तर तिथली बँक. पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उड्या मारत असतो आणि तक्रार त्याच्या मागे धावत असते. कोण आधी पोचतो एवढाच प्रश्न.

थोड्या वेळाने एसएमएसने तक्रारीचा क्रमांक आला. चोवीस तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर जाऊन तीच तक्रार पूर्ण भरायची असते. नुसता फोन करून थांबू नका. रात्री जेवणानंतर मी आणि दादा बसलो. घटनेचं वर्णन किमान दोनशे अक्षरांत मागतात आणि काही चिन्हं टाकली की पान रुसतं. मी रुपयाचं चिन्ह टाकत होते, मजकूर स्वीकारला जात नव्हता. ते काढलं, अंक नुसते लिहिले, तेव्हा गेला. सोबत बँकेचं स्टेटमेंट, स्क्रीनशॉट आणि ओळखपत्र. साडेअकराला 'सबमिट' झालं.

आईला सांगितलं ते त्यानंतर. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "बारा हजार सोमवारी भरायचे आहेत." रविवारी दादाने एटीएममधून बारा हजार काढून आणले आणि सोमवारी आईने ते स्वतः बँकेत नेऊन भरले. ते मी त्याला पुढे महिना तीन हजार करून फेडले.

त्याच सोमवारी मी रायबंदरला गेले. गोव्याचं सायबर पोलीस ठाणं तिथे आहे एवढं ऐकून होते. साखळीहून आमोणे पूल, माशेल, बाणस्तारी, जुनं गोवं करत बसने पोचले, तर कळलं की माझी तक्रार पोर्टलवरून आमच्याच तालुक्याच्या ठाण्याकडे गेली आहे. पोर्टलवर तक्रारीची स्थिती बघितली असती तर घरबसल्या समजलं असतं. तिथून निघाले तेव्हा समोर चोडणची फेरी सुटत होती. मांडवीच्या पाण्याकडे बघत बराच वेळ उभी राहिले. तीन दिवसांत पहिल्यांदा भूक लागली होती.

मंगळवारी, २१ जानेवारीला, आमच्या तालुक्याच्या गावी, डिचोलीला जबाब झाला. हवालदारांनी विचारलं, "व्यवसाय?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी लिहिलं: बेरोजगार. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलं ते हे.

लागलेले कागद: बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट, स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती, आधारची प्रत, पोर्टलच्या तक्रारीची प्रत, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र. हे शेवटचं ऐकून घाबरू नका. फोन माझा आहे, त्यातूनच या प्रती काढल्या आणि त्यांत फेरफार केलेला नाही, असं ठरावीक नमुन्यात लिहून द्यायचं असतं. नमुना ठाण्यातच मिळाला. झेरॉक्स आणि रंगीत प्रतींना मिळून १८० रुपये गेले. सगळ्याच्या तीन प्रती काढा, मी एकच काढली आणि आठवड्यात दोनदा परत झेरॉक्सवाल्याकडे गेले. २९ जानेवारीला गुन्हा नोंद झाला: भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६-डी. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. मागून घ्या.

तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्या दिवशी मला एक तक्ता दाखवला. पहिले ३,००० आणि ८,००० ज्या खात्यात गेले, तिथून ते दोनच्या आत एटीएममधून काढलेले होते. पुढचे १५,००० आणि २१,५०० एकाच खात्यात गेले होते. परराज्यातलं खातं, नाव एका बावीस वर्षांच्या मुलाचं. त्या खात्यात ते ३६,५०० तसेच पडून होते. ४ वाजून ५२ मिनिटांनी त्यातले १८,२६० पुढे गेले. उरलेले १८,२४० आमचा फोन झाल्यावर अडकले.

चार बावन्न. त्या वेळी मी खोलीत दार लावून पडले होते. दीडला नाही, चारला जरी फोन केला असता, तरी ते अठरा हजार वाचण्याची शक्यता होती. अठरा हजार म्हणजे पाच तासांना तासाला साडेतीन हजारांच्या वर पडले. एवढा पगार मला अजून आठवड्यालाही मिळत नाही.

तो मुलगा कोण, असं मी विचारलं. असलाच कुणीतरी, ते म्हणाले. महिन्याला चार-पाच हजार मिळतात म्हणून खातं भाड्याने दिलेलं, बहुतेक बेकारच. अशा खात्याला 'म्यूल' म्हणतात, मालाची ओझी वाहणारं खेचर. पैसा खरा चालवणारे बऱ्याचदा कंबोडिया, म्यानमार, लाओसकडे बसलेले असतात आणि तिथे फोनवर बोलायलाही डेटा एंट्रीच्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेली आपलीच मुलं असतात. ग्रुपवाल्यांनी माझं सिम मागितल्याची गोष्ट मी सांगितली तेव्हा अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "हें बरें केलें, दिलें ना तें. ना जाल्यार आज तूं त्या खुर्चेर बसपाची ना." नाहीतर आज तू त्या खुर्चीवर बसली नसतीस, असं. खुर्ची म्हणजे तक्रारदाराची.

त्याच आठवड्यात एका ऑनलाइन वृत्तस्थळावर चार ओळींची बातमी आली. नाव नव्हतं, पण "साखळी परिसरातील पदवीधर युवती" एवढं आमच्या गावाला पुरतं. बातमीखाली लोकांनी लिहिलं होतं: "डिग्री काय कामाची?", "लोभ, दुसरं काय!", "अशांना पोलिसांनी उभंच करू नये." वाचताना एकेक वाक्य ओळखीचं वाटत होतं. नोव्हेंबरातली ती बातमी शोधून काढली, माझं वाक्य तिथे तसंच होतं, लाइक वाढून साठ झालेले. पुसायला गेले. मग राहू दिलं.

३ फेब्रुवारीला मला म्हापशाला एका सीएच्या कार्यालयात नोकरी लागली, पगार १४,०००. आता गाडी रुळावर येणार असं वाटत असतानाच २७ फेब्रुवारीला सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला आला, त्याला वीस रुपये पाठवायला गेले तर पेमेंट होईना. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा केलं. तो सायकलवर एक पाय टेकून थांबलेला. शेवटी म्हणाला, "फाल्यां दी." उद्या दे.

बँकेत गेले तर खातं पूर्ण गोठवलेलं. कारण? दुसऱ्या एका राज्याच्या सायबर पोलिसांची सूचना. माझ्या खात्यात 'फसवणुकीचे' १,३०० रुपये आले होते.

क्षणभर काही उमगेना. मग डोक्यात प्रकाश पडला. १७ जानेवारीला प्रीपेड टास्कचे म्हणून मला जे तेराशे आले, ते त्यांनी खिशातून थोडेच दिले होते? ते माझ्यासारख्याच दुसऱ्या कुणाचे होते. त्या माणसाने तक्रार केली आणि त्याच्या तक्त्यात माझं नाव आलं, त्या बावीस वर्षांच्या मुलाच्या जागी.

काउंटरवर उत्तर ठरलेलं: आमच्या हातात काही नाही, त्या पोलिसांशी बोला. ते कोण, नंबर काय, विचारलं तर "मेलवर येईल". पगार ५ मार्चला होणार होता. नोकरीला महिनाही झालेला नसताना सरांना हे सांगायची वेळ आली. पण त्या पाच तासांचा धडा अंगात होता, म्हणून त्याच दिवशी सांगितलं. सरांनी पगाराचा धनादेश आईच्या नावाने काढला आणि माझ्याकडून बँकेला पत्र लिहून घेतलं. त्यात तीनच मागण्या होत्या: ज्या सूचनेवरून खातं गोठवलं तिची प्रत द्या, तक्रार क्रमांक, ठाणं आणि ईमेल कळवा, आणि वादातली रक्कम १,३०० आहे तर तेवढीच अडकवा, बाकी खातं मोकळं करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख. शिक्का महत्त्वाचा, कारण तीस दिवसांत बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, आणि ते तीस दिवस त्या तारखेपासून मोजतात. चौकशीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

चौथ्या दिवशी माहिती मिळाली. मी त्या ठाण्याला ईमेल केला, सोबत माझी पोर्टलची तक्रार, एफआयआर आणि दोन्ही व्यवहार अधोरेखित केलेलं स्टेटमेंट. आठवड्याने आठवण, परत आठवड्याने आठवण. २१ मार्चला खातं सुटलं. १,३०० अजून अडकलेलेच आहेत. राहू देत, ते माझे नाहीतच.

आता १८,२४० ची गोष्ट. रक्कम अडकली म्हणजे परत आली असं नव्हे. माझ्या बाबतीत न्यायालयाचा आदेश लागला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ४५७ ते हेच, वकील अजून तोंडाने ४५७ च म्हणतात. एका वकिलाने फी सांगितली ती ऐकून मी खुर्चीतून उठले. मग ठाण्यातल्याच एका महिला पोलिसांनी सांगितलं, तुला वकील फुकट मिळेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२: स्त्री असेल तर तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. मी बी.कॉम.ला व्यापारी कायदे शिकले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १५१०० वर फोन करा, नाहीतर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय विचारा. ८ एप्रिलला साध्या कागदावर अर्ज दिला, दहा दिवसांत वकील मिळाल्या.

२४ एप्रिलला अर्ज दाखल झाला. मग पोलिसांचं म्हणणं यायचं होतं, मग मे महिन्याची सुट्टी. तीन तारखा झाल्या, प्रत्येक वेळी अर्धा दिवस रजा. एका तारखेला सकाळी दहापासून बसले आणि पावणेएकला पुकारा झाला तो फक्त पुढची तारीख द्यायला. पुस्तक घेऊन जा, फोन आत वाजला तर पंचाईत होते. १७ जूनला आदेश झाला: १८,२४० रुपयांचं बंधपत्र दिल्यावर रक्कम माझ्या खात्यात वळती करावी. प्रतिज्ञापत्र, नोटरी, प्रमाणित प्रत मिळून खर्च साडेतीनशेच्या आत. आदेश पोलिसांनी त्या बँकेला ईमेलने पाठवला, तरी मी प्रमाणित प्रत, रद्द केलेला धनादेश आणि आधार वेगळं रजिस्टर पोस्टाने पाठवलं. बँकेकडून "कागद मिळाले नाहीत" असं एकदा आलंच, तेव्हा पोस्टाची पावती उपयोगी पडली.

२५ जुलैला, शुक्रवारी, म्हापशाच्या बसस्टँडवर पाऊस चुकवत उभी असताना एसएमएस आला. १८,२४० जमा. मी तो दादाला पाठवला. त्याने उलट लिहिलं, "पार्टी?" बाकीचे २९,२६० कुठे आहेत कोणास ठाऊक. गुन्ह्याचा तपास चालू आहे, असं पोर्टल सांगतं.

आईने गटातल्या बायकांना सगळं जानेवारीच्या बैठकीतच सांगून टाकलं होतं, कुणी विचारायच्या आधी. मला ते बऱ्याच उशिरा कळलं. तेव्हापासून हप्ते रोखीने तिच्याकडेच यायचे आणि ती ते पिशवीत घालून स्वतः भरायला जायची. ३ ऑगस्टच्या रविवारी माझा फोन एकापाठोपाठ एक वाजायला लागला. पाचशे, पाचशे, हजार. मी घाबरून अ‍ॅप उघडलं. वाड्यावरच्याच सगळ्या. संध्याकाळपर्यंत अकरा हजार चारशे झाले. आई बैठकीहून आली ती पंख्याखाली बसून म्हणाली, "पावसात पिशवी घेऊन कोण जाणार? मीच सांगितलं त्यांना."

सरांना रात्रीच मेसेज केला, उद्या तासभर उशीर होईल. सोमवारी नऊ पंचावन्नला मी बँकेच्या दारात होते.